नळीचं दुसरं टोक

शहापूर तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलं एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारत. कसारा लोकलनं उतरणारे वाशिंद, आटगाव, खर्डी; एसटीनं येणारे किन्हवली, सरळगाव, डोळखांब; होस्टेलवर राहणारा लातूर. हजेरीपटावरची नावं सरांनाच ठाऊक. परीक्षेच्या दिवशी 'ए खर्डी, कॅल्सी दे गं' अशी हाक आली, की नवख्या सुपरवायझरला कळत नसे, हे स्टेशनशी बोलताहेत की माणसाशी.

सिव्हिलच्या मुलांचं एक मंडळ होतं, सेसा. जिन्याखालची एक खोली, एक कपाट, दोन बाकं आणि भिंतीवर विश्वेश्वरय्यांचा फोटो. 15 सप्टेंबरला अभियंता दिन, फेब्रुवारीत आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा, मधल्या काळात सबमिशन. पण सेसाचा खरा जीव त्या खोलीतल्या सहवासात होता. तिथं डबे उघडत, जर्नलं पूर्ण होत, कुणाची फी अडली तर वर्गणी निघे. पहिल्या वर्षी मेसचं जेवण न सोसून लातूर आजारी पडला, तेव्हा खर्डीच्या आईनं आठवडाभर त्याच्यासाठी मऊ भाताचा डबा लोकलनं पाठवला. ही माया खरी होती. पुढे जे घडलं, ते सांगताना ती विसरून चालणार नाही.

वाशिंद सेसाचा अध्यक्ष होता. हुशार, झपाट्यानं काम उरकणारा, बोलायला लागला की सगळ्यांना पटवणारा. डोळखांब सगळ्यात मागच्या बाकावरचा. त्याच्या तीन केट्या, म्हणजे राहिलेले विषय, होत्या; त्यातली गणिताची एम-थ्री तर दोनदा राहिलेली. बाप गवंडीकाम करायचा, घरची थोडी भातशेती. लावणी-कापणीला पोरगा घरी लागायचाच. सेसाचा नियम होता, की केटी असलेल्याला समितीत घ्यायचं नाही. त्यामुळे डोळखांब समितीत नव्हता, पण सतरंज्या घालायला, बॅनर बांधायला, सामान उचलायला पहिला तोच. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला वाशिंद लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावी, खर्डी फील्डबुक लिही आणि डोळखांब चार मीटरची मापपट्टी, म्हणजे स्टाफ, घेऊन उन्हात उभा राही. तीन वर्षांत त्यानं त्या दुर्बिणीतून एकदाही पाहिलं नव्हतं. कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या अभियंता दिनाला वाशिंदनं भाषण केलं. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या अगदी सुरुवातीला, 1884 च्या सुमाराला, धुळ्याकडे पांझरेच्या पात्रातून पाणी पलीकडे नेण्यासाठी सायफनची नळी बसवली, ते त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "आपल्या तालुक्यात तानसा 1892 पासून उभं आहे. नंतर वैतरणेवरचं मोडकसागर आलं, भातसा आलं. तानसाचं पाणी उताराच्या जोरावर मुंबईला पोचतं. आणि आपल्याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. सेसानं एक तरी पाडा तहानेतून सोडवायचा." टाळ्या पडल्या, त्या मनापासूनच्या होत्या. ज्यांच्या दारावरून मोठमोठ्या जलवाहिन्या जातात आणि ज्यांच्या आया-बहिणी डोक्यावर हंडे घेऊन चालतात, अशी पोरं समोर बसली होती. त्यांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

पाडा सापडला मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या डोंगरांच्या पायथ्याला. चाळीसेक घरं ठाकरांची. पाड्यापासून जवळजवळ एक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत एक झरा होता, मे महिन्यातही न आटणारा. मुलांनी पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ धरलं. सव्वा मिनिटात भरली. दिवसाला सतरा हजार लिटरच्या वर. माणशी पंचावन्न लिटर धरलं तरी पाडा पुरवून पाणी उरणार होतं. वीज नको, पंप नको. झऱ्याकडून पाइप आणायचा, मधली खिंड ओलांडायची, की पुढे पाड्यापर्यंत सरळ उतार. सगळी मेख त्या खिंडीत होती. खिंडीचा माथा झऱ्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तरच पाणी आपसूक पलीकडे जाणार.

म्हशाची जत्रा झाली आणि पुढच्या आठवड्यात सेसाची टोळी शहापूर, किन्हवली, सरळगाव करत एसटीनं टोकावड्याला उतरली. पाड्यावरची एक म्हातारी वाट दाखवायला आली. खिंडीत पोचल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पोरांनो, पावसात झऱ्याचं पानी हितवर चढतं नि त्या खालच्या व्हळात उतरतं. ह्या अंगाला कदी आलं नाय."

डोळखांबनं तिच्याकडे पाहिलं, मग खिंडीकडे. भाताच्या खाचरात बांध घालताना पाणी कुठं थांबतं, कुठं फुटतं, हे पाहत तो वाढला होता. तो वाशिंदला म्हणाला, "आजी म्हणते त्यात तथ्य वाटतं रे. मलापण ही खिंड चढच वाटते."

"वाटण्यावर पाइप टाकतात होय?" वाशिंद म्हणाला. "म्हणून तर लेव्हल आणलीय."

लेव्हलिंग सुरू झालं. वाट अरुंद, एका बाजूला उतरण. तिपाई नीट उभी राहील अशा जागा मोजक्याच. वाशिंदला काम दिवसात उरकायचं होतं, म्हणून तो मागच्या खुणेपासून दहाएक मीटरवरच तिपाई रोवी आणि डोळखांबला स्टाफ घेऊन पन्नास मीटर पुढे पाठवी. नऊशे मीटरची वाट पंधरा ठिकाणी तिपाई लावून संपली. परतताना तिपाईच्या पायांची भोकं मातीत होतीच. त्याच जागांवरून पुन्हा वाचनं घेत ते झऱ्याशी आले. खर्डीनं हिशेब जुळवला. जिथून निघाले तिथे परत आल्यावर फरक निघाला चार मिलिमीटर.

ज्यानं कधी लेव्हलिंग केलंय, त्यालाच ह्या आकड्याचा आनंद कळेल. पावणेदोन किलोमीटरहून जास्त चालून चार मिलिमीटर! वाशिंदनं फील्डबुक उंचावून दाखवलं. खिंड झऱ्यापेक्षा 45 सेंटिमीटर खाली. 63 मिलिमीटरच्या पाइपाला तेवढा उतार पुरेसा होता. लातूरनं सही केली, खर्डीनं केली, आटगावनं केली, दुसऱ्या दिवशी सरांनीही केली. स्टाफ धरणाऱ्याची सही कुठल्याच तक्त्यात नसते.

माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून काळ्या एचडीपीई पाइपाची वेटोळी आली. मार्चच्या दोन रविवारी सेसा आणि पाडा मिळून राबले. रात्री पाड्यावरच मुक्काम, चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या, वरून जवळ्याची चटणी. खिंडीतला मुरूम कडक होता. तिथे पाइप जमिनीवरूनच नेला आणि वर दगड रचले; उतार कागदावर होताच. झऱ्याशी लहानसं टाकं बांधलं, पाड्यात पाच हजार लिटरची टाकी बसवली. पाइप आपोआप भरेना, तेव्हा खिंडीतल्या जोडातून बादल्यांनी पाणी ओतून तो भरला, बूच बसवलं आणि खालचा कॉक उघडला. पाणी आलं. बायांनी टाकीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, पोरांनी एकमेकांना भिजवलं.

सकाळी टाकीवरचा नळ कोरडा होता.

पुन्हा पाइप भरला, पुन्हा पाणी आलं, संध्याकाळपर्यंत थांबलं. तिसऱ्यांदाही तेच. पाइप कुठं फुटला नव्हता, कुणी कापला नव्हता.

जिन्याखालच्या खोलीत समितीची बैठक बसली. अहवाल द्यायचा होता, वर्गणीदारांना उत्तर द्यायचं होतं. वाशिंदनं स्वच्छ मांडणी केली. हिशेब बरोबर आहे, फरक फक्त चार मिलिमीटर आहे, म्हणजे वाचनं बरोबर आहेत. मग चूक राहिली असेल तर एकाच ठिकाणी: स्टाफ उभी धरलेली नसणार, किंवा ठरल्या दगडावर ठेवलेली नसणार. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली. ह्या पोरांनी एकमेकांचे डबे खाल्ले होते, एकमेकांच्या वह्या उतरवल्या होत्या. एकमेकांचं म्हणणं मान्य करायची सवयही त्यांना तशीच लागली होती. फक्त खर्डी म्हणाली, "स्टाफ वाकडी असती तर जाता-येता सारखीच वाकडी कशी असेल? मग चारच मिलिमीटर कसे?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. डोळखांब खोलीत नव्हता; केटीवाल्याला बैठकीला बसता येत नसे. त्याला संध्याकाळी एसटी स्टँडवर लातूरकडून कळलं.

तो भांडायला आला नाही. शनिवारी घरी गेला, बापाची पारदर्शक नळी उचलली आणि टोकावड्याची गाडी पकडली.

गवंड्याची नळी सगळ्यांनी पाहिलेली असते. पंधराएक मीटर लांब, आत पाणी. दोघांनी दोन टोकं धरायची. मधे भिंत असो, खड्डा असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. जमिनीपासून त्या पाण्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे टेपनं मोजायचं, वजा करायचं, पुढे सरकायचं. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. ना भिंग, ना स्क्रू. मात्र एकट्याला ती वापरता येत नाही.

रविवारी सकाळी वाशिंदही पाड्यावर आला, पाइपाचे सांधे तपासायला. वाटेत त्याला दिसलं, की झऱ्याच्या अंगाला डोळखांब नळीचं एक टोक धरून उभा आहे आणि दुसरं टोक त्या म्हातारीच्या हातात आहे. तिचा हात थरथरत होता, पाणी वरखाली होत होतं आणि डोळखांब ते स्थिर व्हायची वाट पाहत उभा होता. वाशिंद थोडा वेळ तसाच थांबला. मग पुढे गेला आणि म्हणाला, "आजी, द्या इकडे."

म्हातारीनं टोक दिलं आणि सावलीत जाऊन बसली.

दोघं बोलले ते आकड्यांपुरतं. "बासष्ट." "अठ्ठ्याण्णव." "सरक." तीन वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांपासून पंधरा मीटरवर, एकाच कामाच्या दोन टोकांना, सारख्या मानानं उभे होते. वाशिंदनं टोक घाईनं हलवलं की डोळखांबकडचं पाणी उसळे आणि दोघांनाही थांबावं लागे. चार-पाच वेळा असं झाल्यावर वाशिंद सावकाश चालायला शिकला. साठ वेळा नळी सरकवून ते दुपारी खिंडीत पोचले. डोळखांबनं वहीतली बेरीज केली आणि वही वाशिंदच्या हातात दिली.

खिंड झऱ्यापेक्षा पंधरा सेंटिमीटर वर होती.

वाशिंदनं बेरीज पुन्हा केली. मग म्हणाला, "उलट्या दिशेनं मोजू." मोजलं, बोटभर फरक पडला, पंधराचे चौदा झाले. म्हातारी जे बोलली होती तेच आकड्यांत उतरलं होतं. पाइप हातानं भरल्यावर सायफननं पाणी खिंड चढून जाई. हळूहळू वरच्या वाकणात हवा साचे आणि धार तुटे.

"पण मग ते चार मिलिमीटर?" वाशिंद विचारत राहिला. परतीच्या गाडीत, सरळगावच्या फाट्यावर, आसनगावच्या पुलावर, त्याचा तोच प्रश्न. त्याचं मला फार मोल वाटतं. आपला आकडा चुकला हे कळल्यावर बहुतेक माणसं गप्प होतात आणि विषय बदलतात. हा पोरगा चूक सापडेपर्यंत तिचा पिच्छा सोडायला तयार नव्हता.

सोमवारी सकाळी दोघं लॅबमध्ये गेले. लॅबवाल्या काकांनी रजिस्टर उघडलं, मागची पानं चाळली आणि म्हणाले, "ही लेव्हल मागच्या पावसाळ्यात तिपाईसकट पडली होती. काच फुटली नाही म्हणून तशीच कपाटात गेली."

मग सेसाची सगळी टोळी मैदानात जमली. साठ मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. आधी लेव्हल दोन्ही खुंट्यांच्या बरोबर मधे लावली. दुसरी खुंटी पहिलीपेक्षा 31 सेंटिमीटर खाली आली. मग लेव्हल पहिल्या खुंटीच्या जवळ नेली आणि पुन्हा पाहिलं. तीच खुंटी, तीच जमीन, आता जवळजवळ 37 सेंटिमीटर खाली. दुर्बिणीची नजर आडवी नव्हतीच. दर मीटरला एक मिलिमीटर वर चढत होती. मधे उभं राहिलं की दोन्हीकडे सारखीच चूक होई आणि वजाबाकीत निघून जाई. एकाच्या जवळ उभं राहिलं की दूरचा होता त्याहून खाली दिसे.

खर्डीनं फळ्यावर मांडलं. दर वेळी मागची खूण दहा मीटरवर, पुढची पन्नासवर. फरक चाळीस मीटर. पंधरा वेळा चाळीस म्हणजे सहाशे मीटर. मीटरला एक मिलिमीटर म्हणजे साठ सेंटिमीटर. पंचेचाळीस खाली वाटलेली खिंड पंधरा वर. आणि परतताना तिपाई त्याच भोकांत रोवली होती, म्हणून तीच चूक त्याच मापानं परत आली आणि हिशेब चोख जुळला.

कुणी बोलेना. शेवटी लातूरनं विचारलं, "म्हणजे आपण दुसऱ्या जागी उभं राहून एकदा तरी पाहिलं असतं, तर कळलं असतं?"

"हो," डोळखांब म्हणाला.

वाशिंदनं अहवाल फाडला आणि नवा लिहायला घेतला. स्टाफबद्दलचं वाक्य त्यात राहिलं नाही. आजीनं पहिल्या दिवशी काय सांगितलं, डोळखांबनं काय सांगितलं, दुर्लक्ष कुणी केलं, नळीनं काय मोजलं, दोन खुंट्यांत काय निघालं, सगळं क्रमानं लिहिलं. वर्गणीदारांना तोच पाठवला. सर म्हणाले, "एवढं उघडं लिहायलाच हवं का?" वाशिंद म्हणाला, "पुढच्या वर्षी हीच लेव्हल दुसरी मुलं नेतील, सर." सरांनी सही केली आणि आपलीही चूक खाली लिहिली, की उपकरण न तपासता आपण मंजुरी दिली होती.

उपाय दोन निघाले. झऱ्याचं टाकं उंच बांधायचं, किंवा खिंड खोदायची. टाकं उंचवायला म्हातारीनं हरकत घेतली. झऱ्यावर पाण्याचं ओझं चढवलं तर तो दुसरीकडून वाट काढील, असं तिचं म्हणणं, आणि ह्या वेळी सगळ्यांनी ते ऐकलं. सरांनीही ते बरोबर असल्याचं सांगितलं. तेव्हा खिंडच खोदायची ठरली. चाळीस मीटर लांब, साठ सेंटिमीटर खोल, कडक मुरूम. एप्रिलचं ऊन. पहारी आणि टिकाव पाड्यानं दिले, घमेली डोळखांबच्या बापानं. एक टोळी झऱ्याकडून, एक पाड्याकडून. चर पुरा झाल्यावर तळाची पातळी पुन्हा नळीनं तपासली. एक टोक वाशिंदच्या हातात, दुसरं डोळखांबच्या. पाइप चरात उतरवला, सांधे आवळले. ह्या वेळी बादलीनं काही ओतावं लागलं नाही. झऱ्याचं बूच काढलं आणि तासाभरानं टाकीत धार पडली. दुसऱ्या दिवशीही पडत होती, मे महिन्यातही, आणि टँकरची वाट बघणं त्या पाड्यापुरतं संपलं.

जूनमध्ये सेसाची नवी समिती निवडायची होती. सगळ्या सभासदांच्या सभेत खर्डीनं ठराव मांडला, की केटीचा नियम काढून टाकावा. एकमतानं पास होत होता, तेवढ्यात डोळखांब उठला. "एकमत नको," तो म्हणाला. "कुणाला पटत नसेल तर आत्ता बोलू दे." मग अर्धा तास वाद झाला. आटगावनं विरोधात मत दिलं, त्याची कारणं इतिवृत्तात लिहिली गेली, आणि ठराव बहुमतानं पास झाला. डोळखांबला उपाध्यक्ष करायचं निघालं, तर तो म्हणाला, आधी एम-थ्री सुटू दे. त्यावर वाशिंदनं वही काढली आणि रविवारची वेळ विचारली. तो डोळखांबच्या घरी जाऊ लागला. लाप्लास ट्रान्सफॉर्म ओसरीवर बसून व्हायचं, आणि दुपारी बापाच्या कामावर हात लागत असेल तर तेही व्हायचं.

पावसाळा संपताना किन्हवलीकडच्या एका पाड्याचं पत्र आलं. आमच्याकडेही झरा आहे, येऊन बघा. वाशिंदनं तारीख ठरवली आणि लेव्हल मागायला लॅबमध्ये गेला. काकांनी दुरुस्त होऊन आलेली लेव्हल टेबलावर ठेवली. वाशिंदनं रजिस्टरवर सही केली, पेटी उचलली आणि मैदानात गेला. डोळखांब तिथे आधीच खुंट्या ठोकत होता.

"आज दुर्बिणीवर तू," वाशिंद म्हणाला आणि स्टाफ खांद्यावर घेऊन तीस मीटर मोजत चालू लागला.